मान आणि खांदे सतत दुखतात? नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि सरळ उत्तरं

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि मानदुखीवाले पेशंट्स थोड्याफार फरकाने तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. हे सगळं मान आणि खांद्याच्या मधल्या त्या भागाबद्दल आहे, जो संध्याकाळ झाली की भरून येतो, रग लागते, आणि आपण नकळत दुसऱ्या हाताने दाबत बसतो. घाई असेल तर आधी "ताबडतोब डॉक्टरकडे कधी जायचं" हा प्रश्न वाचा, बाकीचं नंतर निवांत.

दाबलं की गाठ लागते हाताला, ती नक्की काय आहे?

बहुतेक वेळा ट्रॅपेझियस नावाचा स्नायू. कवटीच्या मागून निघतो, खांद्याच्या टोकापर्यंत पसरतो आणि खाली पाठीच्या मध्यापर्यंत जातो, खूप मोठा आहे. त्याच्या खाली लेव्हेटर स्कॅप्युली असतो, मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून ते शोल्डर ब्लेडच्या (पाठीवरचं ते चपटं त्रिकोणी हाड) वरच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत. मान वळवताना त्या कोपऱ्यात कळ येत असेल तर हाच महाशय.

गाठ म्हणजे ट्यूमर वगैरे नाही, घाबरू नका. स्नायूतला तो पट्टा ताठ झालेला असतो आणि दाबल्यावर दुखतो, कधी कधी तिथे दाबलं की दुखणं कानामागे किंवा कपाळाच्या बाजूला जाऊन पोचतं आणि लोकांना वाटतं आपल्याला मायग्रेन आहे. याला ट्रिगर पॉइंट म्हणतात. जेनेट ट्रॅव्हेल म्हणून एक डॉक्टर होत्या, राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या व्हाइट हाउसमधल्या डॉक्टर, त्यांनी आणि डेव्हिड सायमन्स यांनी कुठल्या गाठीचं दुखणं कुठे पोचतं याचे नकाशेच काढून ठेवलेत. गाठीत आत नेमकं काय घडतं यावर तज्ज्ञांचे अजून वाद आहेत पण दुखणं खरं आहे, त्यात वाद नाही.

एक मात्र, गाठ चामडीखाली सरकते, वाढत चाललीये, किंवा मानेच्या बाजूला आणि कॉलरबोनच्या वर आहे तर ती स्नायूची समजून चोळत बसू नका, डॉक्टरला दाखवा.

मी काही जड उचलत नाही, दिवसभर खुर्चीत बसून काम, तरी का दुखतं?

म्हणूनच दुखतं. हे लोकांना पटत नाही.

जड पोतं उचलताना स्नायूचे सगळे तंतू कामाला लागतात आणि पोतं खाली ठेवलं की सगळे सुटतात. माऊस धरून बसताना, टाइप करताना, शिलाई मशीनवर, पोळ्या लाटताना खूप हलकं काम असतं, फक्त खांदा थोडासा उचलून धरायचा, पण तासन् तास. अशा हलक्या कामात स्नायूतले ठरावीक छोटे तंतूच आधी कामाला लागतात आणि काम पूर्ण थांबेपर्यंत तेच राबत राहतात. हॅग नावाच्या स्वीडनमधल्या संशोधकाने १९९१ मध्ये ही कल्पना मांडली आणि तिला सिंड्रेला हायपोथेसिस असं नाव पडलं. आपल्याकडची भाषा वापरायची तर घरातली थोरली सून, सगळ्यांच्या आधी उठणार आणि सगळ्यांच्या नंतर आडवी होणार. ती थकली तर आश्चर्य काय.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, नुसता "आराम" करून फारसा फायदा नाही कारण खुर्चीत बसून तुम्ही ज्याला आराम म्हणता त्यात हे तंतू कामावरच असतात. दोन, स्नायू जितका ताकदवान तितकं तेच काम त्याला हलकं पडतं. ही दुसरी गोष्ट लोक विसरतात आणि सगळा पैसा शेक, बाम आणि मालिशवर जातो.

मोबाईलमुळे मानेवर २७ किलो वजन पडतं म्हणे?

हे सांगणारा फोटो सगळ्यांच्या फॅमिली ग्रुपवर येऊन गेलाय. त्यामागे २०१४ चा एक अभ्यास आहे, हंसराज नावाच्या न्यूयॉर्कच्या स्पाइन सर्जनचा. डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं, आणि मान ६० अंश खाली वाकवली तर मानेवर येणारा भार साधारण २७ किलो होतो असं त्यात निघालं. पण ते कॉम्प्युटर मॉडेलवरचं गणित होतं, माणसांना दुखतं का हे त्यात मोजलेलंच नाही. भार आला म्हणजे दुखापत झाली असं नसतं, पोतं उचलणाऱ्या हमालाच्या मानेवर याच्या कितीतरी पट भार असतो.

मग मोबाईल निर्दोष का? नाही. एकाच पोझिशनमध्ये दीड तास रील्स बघितल्या तर मान आखडणारच, पण तशी ती ताठ "आदर्श" पोझिशनमध्ये दीड तास बसूनही आखडते. वाईट पोश्चर असं फारसं काही नसतं, फार वेळ न बदललेलं पोश्चर असतं. मुलांना सारखं "सरळ बस, सरळ बस" म्हणून ओरडण्यापेक्षा "ऊठ, पाणी आण" म्हणा, जास्त उपयोग होईल.

लॅपटॉपवर काम करावंच लागतं, मग बसायचं कसं?

स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या आसपास आली पाहिजे. स्टँड विकत घ्यायलाच हवा असं नाही, मागच्या चार-पाच वर्षांचे दिवाळी अंक रचून त्यावर लॅपटॉप ठेवला तरी चालतो, फक्त मग कीबोर्ड आणि माऊस वेगळे घ्या, नाहीतर हात वर जाऊन खांदे उचलले जातात आणि होतं नव्हतं ते वाढतं. कोपरांना आधार पाहिजे, टेबलाचा किंवा खुर्चीच्या हाताचा. माऊस लांब ठेवून हात पुढे ताणून काम करणारे खूप जण एकाच बाजूचा खांदा घेऊन येतात, बघा तुमची दुखरी बाजू माऊसची आहे का. पलंगावर बसून मांडीवर लॅपटॉप, त्याबद्दल मी काही बोलत नाही.

अर्ध्या तासाने उठायचं. खांदे दोनदा गोल फिरवून परत बसायचं नाही, खरंच उठायचं. फोन आला की चालत बोला, ही सगळ्यात सोपी सवय. आणि फोन मान वाकडी करून खांद्यात धरून पोळ्या लाटणं, भाजी चिरणं बंद.

गाडी चालवून, लोकलने जाऊन पण दुखतं का?

दुखतं. टू-व्हीलरवर हँडल घट्ट धरून खांदे कानापर्यंत नेणारे लोक असतात, ट्रॅफिकमध्ये हे आपोआप होतं, सिग्नलला थांबलात की एकदा खांदे सोडून द्यायचे. लोकलमध्ये वरचं हँडल धरून तासभर उभं राहणं आणि एका खांद्यावर सॅक, हे रोज दोनदा. सॅक दोन्ही खांद्यांवर घ्या, आणि त्यातल्या ज्या वस्तू गेल्या महिन्यात बाहेर काढल्याच नाहीत त्या घरी ठेवा.

घरातल्या बायकांनाच जास्त का होतं हे?

तुमचं निरीक्षण बरोबर आहे. २०२० मध्ये जगात साधारण २० कोटी लोकांना मानदुखी होती असा अंदाज आहे आणि त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे. कारणं एकच एक नाहीत. पण आपल्या घरातलं बघायला गेलं तर कणीक तिंबणं, लाटणं, घासणं, पिळणं, डोक्यावरच्या दोरीवर कपडे वाळत घालणं, सगळं हात पुढे किंवा वर धरून चालतं. ओटा उंचीला बसत नसेल तर अजून त्रास. उंच ओट्यावर बुटकी बाई लाटताना खांदे उचलूनच लाटते, पायाखाली बुटका पक्का पाट घ्या. उंच बाई खाली वाकते, तिने पोळपाटाखाली काहीतरी जाड घट्ट ठेवावं. कणीक मळणं आणि लाटणं एका दमात करू नका, मधे काहीतरी चालायचं काम घाला.

बाळंतिणींना तर विचारायलाच नको. बाळ अंगावर पाजताना मान वाकवून बाळाकडे बघत बसायचं, दिवसातून आठ-दहा वेळा. बाळाखाली उशी घेऊन बाळाला वर आणा, स्वतः खाली जाऊ नका.

अजून एक गोष्ट जी घरात कोणी ऐकून घेत नाही, ऑफिस करून आल्यावर परत स्वयंपाकघरात दुसरी शिफ्ट असेल तर स्नायूला सुट्टी मिळणार कधी? या प्रश्नावर माझ्याकडे व्यायाम नाही. पोळ्या दुसऱ्या कोणीतरी लाटाव्यात हाच उपाय.

एक्स-रे काढला, स्पॉन्डिलोसिस निघालं, मणक्यात गॅप आलाय म्हणाले. आता काय?

आता चहा प्या आणि शांत बसा.

स्पॉन्डिलोसिस म्हणजे मणक्यांची वयानुसार होणारी झीज. चाळिशीनंतर केस पिकतात तसं आतही दिसायला लागतं. जपानमध्ये मानेचा काहीही त्रास नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय काढले होते, २०१५ साली ते छापून आलं, त्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या मानेत डिस्क (दोन मणक्यांमधली चकती) फुगलेली दिसली. विशीतल्या लोकांमध्येसुद्धा बहुतेकांना होती. दुखत नव्हतं कोणालाच! त्यामुळे रिपोर्टमध्ये "डिस्क बल्ज" लिहिलंय म्हणून तेच तुमच्या दुखण्याचं कारण असं धरून चालता येत नाही.

"गॅप आलाय" म्हटल्यावर लोकांना वाटतं हाडं एकमेकांपासून सुटली. उलट आहे, मधली चकती थोडी बसलेली असते, अंतर कमी झालेलं असतं. "मानेचा बाक गेलाय, मान सरळ झालीये" हे पण बऱ्याच रिपोर्टवर असतं, दुखऱ्या मानेचे स्नायू आखडले असतानाही तसं दिसतं आणि काहींची मान मुळातच तशी असते. साध्या स्नायूदुखीला पहिल्याच भेटीत एमआरआय लागत नाही. हातात ताकद कमी होणं, मार लागलेला असणं, ताप, वजन उतरणं असलं काही असेल तर लागतो.

हाताला मुंग्या येतात, नस दबली असेल का?

असू शकते. मानेतून दुखणं निघून हातात खाली उतरतं, विजेसारखी चमक जाते, अंगठ्याकडे किंवा मधल्या बोटात किंवा करंगळीकडे मुंग्या येतात, तर मानेतल्या नसेवर दाब असण्याची शक्यता. दुखरा हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं असं सांगणारे पेशंट असतात, ती एक चांगली खूण आहे. यात घाबरण्यासारखं वाटतं पण बहुतेकांना काही आठवड्यांत ते दोन-चार महिन्यांत ऑपरेशनशिवाय आराम पडतो, फक्त डॉक्टरच्या देखरेखीखाली राहा आणि हाताची पकड कमी होत असेल तर वाट बघू नका.

रात्री झोपेत अंगठा आणि शेजारची दोन-तीन बोटं बधिर होतात, हात झटकला की बरं वाटतं, तर ती नस बहुधा मनगटात दबलेली असते, मानेत नाही. बी-१२ कमी असेल तर मुंग्या साधारणपणे पायांत सुरू होतात, मग हातात. शुगर असणाऱ्यांचंही तसंच.

माझा खांदा दुखतो, हे पण त्यातलंच का?

नेमकं कुठे ते दाखवा. हात फिरवताना मान आणि खांद्याच्या मधला भाग दुखत असेल तर स्नायू. पण दंडाच्या बाहेरच्या बाजूला दुखतं, हात वर जात नाही, मागे खिशापर्यंत नेता येत नाही, ब्लाऊजचं हुक लावता येत नाही, वेणी घालता येत नाही, आणि दुसऱ्याने हात धरून फिरवायचा प्रयत्न केला तरी तो अडकतो, तर फ्रोजन शोल्डर असू शकतो. चाळीस ते साठ वयात जास्त, आणि डायबेटिस असलेल्यांमध्ये खूपच जास्त. काही जणांना खांदा आखडल्यावर केलेल्या तपासणीतच शुगर सापडते, म्हणून एकदा शुगर तपासा. याला वेळ लागतो, एक ते तीन वर्षं सुद्धा, आणि सुरुवातीच्या खूप दुखणाऱ्या काळात जोर लावून हात ओढायचा नसतो. त्याचं वेगळं पान लिहायला हवं.

ताबडतोब डॉक्टरकडे कधी जायचं?

हे नीट वाचा.

छातीत दाब, डावा खांदा, जबडा किंवा हात दुखतोय, घाम फुटलाय, दम लागलाय, मळमळतंय: हे मानेचं नाही समजून १०८ ला फोन करा. बाम लावून झोपायचं नाही. बायकांमध्ये आणि डायबेटिसवाल्यांमध्ये छातीत न दुखताही हार्ट अटॅक येऊ शकतो.

अचानक कधी नव्हे इतकी मान किंवा डोकं दुखायला लागलं आणि सोबत बोलणं अडखळतंय, चेहरा वाकडा, एका बाजूला ताकद नाही, दोन-दोन दिसतंय, तोल जातोय: सरळ हॉस्पिटल. ताप आणि मान इतकी ताठ की हनुवटी छातीला लागत नाही, उजेड सहन होत नाही: हॉस्पिटल. पडल्यानंतर किंवा गाडीच्या अपघातानंतर मान दुखते: मान न हलवता हॉस्पिटल.

शर्टाची बटणं लावता येईनात, हातातून वस्तू पडतात, चालताना पाय लटपटतात, लघवीवर कंट्रोल राहत नाही, हे मज्जारज्जूवर दाब असल्याचं लक्षण असतं आणि हे हळूहळू येतं म्हणून लोक वयावर ढकलतात. ढकलू नका.

संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरतंय, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं: आपल्याकडे मणक्याचा टीबी अजून आहे, तपासायलाच हवं. आधी कॅन्सर होऊन गेला असेल तर तेही डॉक्टरला सांगा. आणि पन्नाशीच्या पुढे, दोन्ही खांदे एकदमच दुखायला लागले, सकाळी तासभर हात वर होत नाहीत, तर रक्ताची ईएसआर किंवा सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी) तपासणी करून घ्या, त्यासाठी वेगळं औषध असतं आणि ते चांगलं लागू पडतं. त्यात कानशिलात डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं, किंवा दिसायला कमी झालं तर त्याच दिवशी दाखवा.

सकाळी उठले आणि मान धरली, एका बाजूला वळतच नाही. काय करू?

लचक भरलीये. साधारण तीन-चार दिवसांत सुटायला लागते, आठवड्याभरात बहुतेकांची जाते. झटका देऊन सोडवायला जाऊ नका. गरम शेक घ्या आणि जिथपर्यंत दुखत नाही तिथपर्यंत तासातासाने मान हळू फिरवत राहा, अगदी पडून राहू नका. गावाकडे उसण भरली की पायाळू माणसाची लाथ मारून घ्यायची पद्धत आहे, पाठीला तरी निदान गंमत म्हणून ठीक, मानेला कृपा करून नको.

गरम शेकायचं की बर्फ?

जुन्या आखडलेल्या स्नायूला गरम. १५ ते २० मिनिटं. गरम पाण्याची पिशवी, तव्यावर गरम केलेलं फडकं, मिठाची पुरचुंडी, निर्गुडीचा पाला गरम करून, जे घरात असेल ते. नुकताच मार लागला असेल तर पहिले एक-दोन दिवस बर्फ, कापडात गुंडाळून. बाम लावून त्यावर लगेच गरम पिशवी ठेवायची नाही, चामडी भाजते. आणि डायबेटिसमुळे हाताला-पाठीला कळत नसेल तर पिशवीचं तापमान दुसऱ्याने बघावं.

शेकाने बरं वाटतं. तेवढंच. मूळ कारण त्याने जात नाही, पण बरं वाटलं की व्यायाम करता येतो, त्यामुळे मी कधी नाही म्हणत नाही.

गोळ्या आणि बाम?

बामने चामडीला गरम-गार वाटतं आणि दुखण्याकडचं लक्ष कमी होतं, लावा, हरकत नाही. डायक्लोफिनॅकचं जेल थोडा वेळ उपयोगी पडू शकतं. पोटात घ्यायच्या पेनकिलर मात्र मेडिकलवाल्याला विचारून महिनोन् महिने घेऊ नका, अ‍ॅसिडिटी, अल्सर, किडनी, बीपी सगळ्यावर परिणाम होतो, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर अजून धोका. पावसाळ्यात अंग आणि मान दुखतेय आणि ताप पण आहे तर डेंग्यू असू शकतो, अशा वेळी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन घ्यायची नाही, पॅरासिटामॉल आणि डॉक्टर.

स्नायू सैल करायच्या गोळ्या थोडे दिवस डॉक्टर देतात. टिझानिडीनने झोप येते, घेऊन गाडी चालवू नका. थायोकोल्चिकोसाईड गरोदरपणात चालत नाही आणि ती लांबवायची पण नसते.

मालिश केली तर? सलूनमध्ये मान कडकन मोडतात त्याने हलकं वाटतं.

मालिश छान. घरच्या घरी तिळाच्या किंवा खोबऱ्याच्या कोमट तेलाने कोणी दाबून दिलं तर दोन-तीन दिवस बरे जातात. जोर बेताचा, हिरवं-निळं होईपर्यंत नाही. कोणी नसेल तर टेनिस बॉल भिंत आणि पाठीच्या मधे धरून गाठीवर अर्धा-एक मिनिट टेका.

पण मान मोडून घेऊ नका. केस कापून झाले की डोक्याला तेल, मग हनुवटी धरून कड्-कड्, वर्षानुवर्षं चालत आलंय आणि बहुतेकांना काही होत नाही हे मला मान्य. पण मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या मणक्यांतूनच वर जातात आणि अचानक झटक्याने त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं, त्यातून तरुण माणसालाही स्ट्रोक होऊ शकतो. ब्यूटी पार्लरमध्ये बेसिनवर मान मागे टाकून बराच वेळ केस धुतानाही असं झाल्याच्या केसेस १९९३ साली अमेरिकेतल्या एका न्यूरॉलॉजिस्टने नोंदवल्या होत्या. क्वचितच होतं. पण फायदा काय, तर अर्ध्या तासाचा हलकेपणा, त्यासाठी एवढी रिस्क कशाला.

फिजिओकडे दहा दिवस मशीन लावली, परत दुखायला लागलं.

साहजिक आहे. आयएफटी, टेन्स (दोन्ही हलक्या करंटची मशीन), अल्ट्रासाऊंड (ध्वनिलहरींचं), हे सगळं झोपून घ्यायचं, त्यातून थोडा वेळ आराम मिळतो, जुन्या मानदुखीत याहून मोठ्या अपेक्षा ठेवण्याइतके चांगले पुरावे नाहीत. माझ्याच व्यवसायाबद्दल बोलतेय म्हणून कोणी रागावलं तर रागावो. फिजिओने तुम्हाला तपासलं पाहिजे, व्यायाम करून दाखवला पाहिजे, दर आठवड्याला वाढवून दिला पाहिजे. नुसतं मशीन लावून पडदा ओढून निघून गेला तर दुसरीकडे जा.

मग नक्की कुठला व्यायाम?

ताकदीचा. स्ट्रेचिंग बरं वाटण्यापुरतं ठीक आहे, पण टिकणारा फरक ताकदीने पडतो.

डेन्मार्कमध्ये यावर भरपूर काम झालंय कारण तिकडे ऑफिसात बसणाऱ्यांची संख्या मोठी आणि रजा महाग. २००८ च्या एका अभ्यासात ट्रॅपेझियस दुखणाऱ्या बायकांचे गट केले, एकाला खांद्याचे वजनाचे व्यायाम आणि दुसऱ्याला सायकल, दोघांना आठवड्यातून तीनदा २० मिनिटं, १० आठवडे. सायकलवाल्यांना त्या दिवसापुरतं जरा बरं वाटायचं. वजनवाल्यांचं दुखणं मात्र चांगलंच कमी झालं आणि तसंच टिकलं. मग २०११ मध्ये त्याच लोकांनी १९८ जणांवर अजून गमतीशीर गोष्ट करून बघितली: इलास्टिकचा रबर घेऊन हात बाजूने वर उचलायचा, एका गटाने रोज फक्त २ मिनिटं, दुसऱ्याने १२ मिनिटं, आठवड्यात ५ दिवस. १० आठवड्यांनी दोन्ही गटांचं दुखणं कमी. १२ मिनिटंवाल्यांना थोडं जास्त बरं वाटलं पण दोन मिनिटंवालेही मागे नव्हते. म्हणजे "वेळच मिळत नाही" हे कारण गेलं.

घरी असं करा. एक लिटरच्या दोन बाटल्या पाण्याने भरा, प्रत्येकी एक किलो झाली. पहिला व्यायाम, हात शरीराच्या बाजूला, कोपर किंचित वाकवून दोन्ही हात बाजूने खांद्याच्या उंचीपर्यंत उचला, जरा पुढच्या दिशेला, आणि हळू खाली आणा. खांदे कानाकडे न्यायचे नाहीत. दुसरा, बाटल्या हातात धरून खांदे सरळ वर उचला, दोन सेकंद थांबा, पूर्ण खाली सोडा, इथे थोड्याच दिवसांत एक किलो कमी पडेल, मग पिशवीत तांदूळ भरून घ्या. तिसरा, कमरेतून पुढे वाकून एक हात टेबलावर टेकवा आणि दुसऱ्या हाताने वजन कमरेकडे खेचा, विहिरीतून दोर ओढतात तसं. प्रत्येक दहा-बारा वेळा, दोन-तीन राउंड, एक दिवसाआड. शेवटचे दोन-तीन जड गेले पाहिजेत. पंधरा वेळा आरामात व्हायला लागलं की वजन वाढवा, हे वाढवणं महत्त्वाचं आहे, वर्षभर त्याच बाटल्या हलवत बसलात तर काही होणार नाही.

मानेसाठी वेगळं: तळहात कपाळावर ठेवा आणि मान न हलवता डोक्याने हाताला ढकला, पाच-सहा सेकंद, मग मागून, मग दोन्ही बाजूंनी. अर्ध्याच जोराने. टीव्ही बघता बघता होतं.

व्यायाम केला की दुसऱ्या दिवशी जास्त दुखतं, मग बंद करू का?

बंद नका करू, कमी करा. दहापैकी तीन-चार इतपत दुखलं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पूर्ववत झालं तर चालतं, सवय नसलेल्या स्नायूचं ते नेहमीचं दुखणं आहे. दोन दिवसांनीही वाढलेलंच असेल तर वजन अर्धं करा. हातात मुंग्या किंवा कळ उतरायला लागली तर थांबा आणि दाखवा.

योगासनं केली तर चालतात का?

चालतात की. पुण्यात १९७५ मध्ये संस्था काढणाऱ्या बी.के.एस. अय्यंगारांच्या पद्धतीच्या योगावर जर्मनीत मानदुखीवाल्यांचे अभ्यास झालेत, २०१२ आणि २०१३ मध्ये छापून आले, नऊ आठवड्यांच्या क्लासनंतर दुखणं घरच्या घरी वाचून व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झालं होतं. अभ्यास छोटे होते पण दिशा बरी आहे. भुजंगासन, मार्जारासन जमेल तेवढं करा. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन मात्र दुखत असताना नको, आणि व्हिडिओ बघून तर अजिबात नको.

उशी घ्यायची की नाही?

"मानदुखी आहे ना, उशी सोड" असं घरात कोणीतरी म्हणतंच. सरसकट सोडायची गरज नाही. कुशीवर झोपत असाल तर खांदा आणि कानाच्या मधली जागा भरेल इतकी जाड, पाठीवर झोपत असाल तर पातळ. पालथं झोपून रात्रभर मान एका बाजूला वळवून ठेवणं मात्र मोडायला हवं. महागड्या मेमरी फोमच्या उश्या काहींना आवडतात, काहींना नाही, दुकानात पैसे घालवण्याआधी घरातली उशी एक टॉवेल घडी करून वर-खाली करून बघा.

गळ्यात पट्टा घालू का?

डॉक्टरने दिला नसेल तर नको. आठवडेच्या आठवडे पट्टा घातला की मानेचे स्नायू काम करायचं विसरतात. फक्त प्रवासात आधार म्हणून घालणारे लोक आहेत, तेवढ्याने बिघडत नाही.

व्हिटॅमिन डी कमी आलंय, त्यानेच दुखत असेल ना?

फक्त मान आणि खांदा दुखत असेल तर एकट्या डीवर खापर फोडू नका. सगळं अंग दुखतं, जिना चढताना मांड्या भरून येतात, फार थकवा येतो, तर डी, बी-१२, थायरॉइड एकदा तपासा. शाकाहारी लोकांमध्ये बी-१२ कमी असणं नेहमीचंच. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी नवीन सुरू झाल्यावर अंग दुखायला लागलं असेल तर डॉक्टरला सांगा, स्वतःहून बंद करू नका. आणि डीचे ६०,००० युनिटचे सॅशे लिहून दिलेल्या कोर्सपुढे मनाने चालू ठेवायचे नाहीत, जास्तीचं डी शरीरात साठतं आणि कॅल्शियम वाढतं.

टेन्शनने मान दुखते का खरंच?

हो. परीक्षा, टार्गेट, घरचं आजारपण, अशा काळात आपण दात आवळतो, खांदे वर घेतो, आणि कळतही नाही. झोप कमी झाली की तेच दुखणं जास्त जाणवतं, दुखण्याने झोप मोडते, आणि हे चक्र चालू राहतं. दुखणं "मनाचं" आहे असं मी म्हणत नाहीये, स्नायू खराच आवळलेला असतो. रोज वीस-तीस मिनिटं भरभर चालण्याने झोपही सुधारते. वर्षानुवर्षं दुखतंय आणि सोबत मन उदास, कशातच रस नाही, तर डॉक्टरला तेही सांगा. कमी डोसची अ‍ॅमिट्रिप्टिलिन कधी कधी रात्री दिली जाते, ती मुळात नैराश्याची गोळी आहे हे चिठ्ठीवर वाचून किंवा नेटवर शोधून लोक दचकतात, पण जुन्या दुखण्यासाठी तो ठरलेला वापर आहे.

किती दिवसांत बरं होईल?

नवीन दुखणं बहुतेकांचं काही आठवड्यांत जातं. तीन महिन्यांच्या वर चाललेल्याला जुनं म्हणतात आणि त्याला ताकदीच्या व्यायामाचे निदान आठ-दहा आठवडे द्या, पहिल्या पंधरा दिवसांत काही वाटलं नाही म्हणून सोडू नका, सगळ्यात जास्त लोक तिथेच सोडतात. अधूनमधून परत डोकं वर काढेल, दिवाळीच्या फराळानंतर, मार्च एंडला, लांबच्या बस प्रवासानंतर. तेव्हा शेक घ्या, दोन दिवस वजन कमी करा आणि परत सुरू करा, पुन्हा एक्स-रे काढायला धावू नका. सहा आठवडे नीट करूनही काडीचा फरक नाही, किंवा वर लिहिलेल्या लक्षणांपैकी काही नवीन दिसलं, तर जुने रिपोर्ट आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी घेऊन दाखवायला जा. यादीत आयुर्वेदिक आणि "ती पिवळी गोळी" सुद्धा लिहा, तिचं पाकीट सोबत आणलं तर फारच उत्तम.